ओढ्यापलीकडची मुलं

— नाही दिपोटीसाहेब, शाळा तपासून झाली तरी निघू नका, बसा. तुमचं घोडं गोठ्यात बांधलंय, आणि या पावसात राजूरची वाट तुम्हाला दिसायचीसुद्धा नाही. मी आपली इथूनच, दाराआडून बोलते, राग मानू नका — हे येतीलच इतक्यात. ओढ्यापलीकडच्या मुलांना पोचवायला गेलेत. नेहमी जातात का? छे, नेहमी कशाला, या दिवसांत शाळा असते कुठे — म्हणजे असते हो, असते, पण — चहा निवला का? गुळाचाच आहे, लढाईपासून साखर दिसत नाही इकडे.

आता बोलून गेलेच आहे तर ऐका. आषाढ-श्रावण हे शाळा बंद ठेवतात. आणि वैशाखात, बोर्डाची सुट्टी असते तेव्हा, रोज भरवतात. बोर्डाची माणसं नगरला बसून सुट्ट्या ठरवतात — मीही नगरचीच, मला ठाऊक आहे तिथला पाऊस, अंगण भिजलं की संपला. इथं एकदा धार लागली की आठवडा आठवडा माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात ओढा कोरडा ठाक, मुलं उड्या मारत येतात. ह्यांनी अर्ज केले होते; नियमात बसत नाही म्हणाले. तशात परवाच्या साली पलीकडच्या वाडीच्या कारभारींची मुलगी, मुक्ता, वाहून चालली होती. ह्यांच्या हाताला तिची वेणी लागली म्हणून वाचली. घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप लावलं.

मग आज का उघडली? तुम्ही येणार असा निरोप आला ना. तपासणीला पटावरची सगळी मुलं हजर पाहिजेत. कारभारी म्हणत होते, "मास्तर, लई पानी हाय, नगा नेऊ." ह्यांचंही मन नव्हतं. मीच म्हटलं, नोकरी जाईल, आणा — मीच म्हटलं. तुम्ही मुलांकडून कविता म्हणवून घेत होतात तेव्हाच ओढ्याचा आवाज बदलला. तुम्हाला नसेल कळला. मला चुलीपाशी कळला.

ते? ढग नव्हेत ते. ओढ्यातून दगड गडगडताहेत. विहिरीचा दोर नेलाय ह्यांनी, पण एकटा माणूस दोर धरणार की मुलं —

थांबा. बांधावर कोण ते? कारभारीच, मुलांना न्यायला आले असणार. मुलं आहेत, माघारी आणलीत — ती बघा मुक्ता, इरल्याखाली. मागं कुणी दिसत नाही. कारभारी, मास्तर कुठायत? — काय म्हणताहेत ते, साहेब, पावसात काही कळत नाही — मागनं? मागनं येताहेत? हो. हो, ते बघा. लंगडताहेत, पण येताहेत.

उठा साहेब. ती सतरंजी मोकळी करा, मुलं काकडलीत. काय लिहायचं ते उद्या लिहा. आता मला दारातून वाट द्या.