'विश्वाचा शेवट' नावाचा डबा

काकू, खोचरेकाकांच्या घरची सगळी मंडळी, छावणीतून आलेले त्यांचे जुने सोबती, इथल्या मराठी मंडळातली मोठी माणसं, आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसलेली आमची डबेवाली गँग. सगळ्यांना नमस्कार.

मी मीनल. मूळची सांगलीची, नोकरीमुळे आठ वर्षं जयपुरात. ऑफिसात शेदोनशे माणसांसमोर बिनधास्त बोलते मी. आज इथं सगळी घरचीच माणसं आहेत, तरी सकाळपासून चारदा हे बोलणं पाठ करून पाहिलंय. कारण मला काकांबद्दल नुसतं चांगलं बोलून खाली बसायचं नाहीये. मला एक कबुली द्यायची आहे. ती शोकसभेत द्यायची का, यावरून दोन दिवस माझं माझ्याशीच भांडण चाललंय. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुला झेपेल तसं कर." झेपेल का, माहीत नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

आमचा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. काका म्हणायचे, "कॅशिंग वगैरे तुमचं, मी डबे शोधतो." एक जण कुठंतरी डबा लपवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीचे फोन घेऊन शोधत जातात. डब्यात खजिना नसतो. एक वही असते, एक पेन्सिल असते. सापडला की वहीत सही करायची, डबा होता तसा परत ठेवायचा, आणि घरी येऊन वेबसाइटवर लिहायचं, सापडला. नाही सापडला तर लिहायचं, सापडला नाही. बस्स, एवढंच. यासाठी मोठी माणसं भर उन्हात काट्यांत शिरतात.

काका सैन्यात नकाशांच्या कामावर होते. निवृत्त झाले, तिलक नगरात घर केलं, आणि सत्तरीला आल्यावर हे खूळ डोक्यात घेतलं. आमच्यात सगळ्यांत वयस्कर तेच आणि सगळ्यांत कडकही तेच. दर दोन महिन्यांनी आपल्या प्रत्येक डब्यापाशी जायचे, वहीतल्या सह्या आणि वेबसाइटवरच्या नोंदी ताडून बघायचे. वहीत सही नाही, तर वेबसाइटवरची नोंद खोडून टाकायचे. कुणाचीही! सिद्धार्थ, तू सांग, तुझी खोडली होती की नाही? पेन्सिलीचं टोक मोडलं होतं म्हणून यानं सही केली नव्हती. काकांनी याला पुन्हा चाळीस किलोमीटर पाठवलं. आणि काकूंचीही खोडली होती. काकू खाली रिक्षात बसून राहिल्या आणि तिथूनच काकांना ओरडून म्हणाल्या, "माझंही नाव घाला!" काकांनी नाही घातलं. म्हणाले, "डोंगर कोण चढलं?" दोन दिवस घरात अबोला होता म्हणे. काकू, तुम्ही हसताय. बरं वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही राजा पार्कात कचोरी खायला जमायचो. तिथं एक विषय कधी संपला नाही. विश्वाचा शेवट झाल्यावर डब्यांचं काय होणार? सुरुवात सिद्धार्थनं केली. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की विश्व पसरत चाललंय, सगळं सगळ्यापासून लांब जातंय. म्हणाला, "काका, तुम्ही लिहिलंय की डबा झाडापासून दोन फुटांवर आहे. उद्या तो दोन अब्ज प्रकाशवर्षांवर असेल." काका कचोरी मोडत म्हणाले, "मग सूचनेत लिहू, थोडं चालावं लागेल." मी विचारलं, सगळं विश्व थंडगार होऊन संपलं तर? म्हणाले, "मे महिन्यात जयपुरात राहून ही बातमी वाईट म्हणतेस?" आमच्या गँगमधल्या राठौडजींनी विचारलं, "काका, और अगर सब कुछ सिमट के एक जगह आ गया तो?" काका म्हणाले, "फिर सबको सब डिब्बे मिल जाएँगे राठौडजी, लेकिन साइन तो करनी पड़ेगी!"

राठौडजी, तुम्हाला माझं मराठी जेवढं समजतंय तेवढं समजू दे. बाकीचं मी बाद में सांगते.

पण काकांची एक अट होती. विश्व संपायच्या आधी चार दिवस त्यांना कळवायचं. का? तर सगळे डबे उचलून आणायला. "आपण ठेवलेलं आपण उचलायचं," म्हणायचे. शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघत राहायचे. त्यांना वाटायचं, हे कुठल्या पंथाचे लोक आहेत?

याच बडबडीतून दोन हिवाळ्यांपूर्वी तो डबा आला. चौमूंच्या रस्त्याला एक टेकडी आहे, खडकाळ, वर दोनचार खेजडीची झाडं. तिथं काकांनी स्टीलचा टिफिन हिरवा रंगवून लपवला आणि त्याला नाव दिलं 'विश्वाचा शेवट'. म्हणाले, हा सापडेल तेव्हा विश्व खुशाल संपू दे. कुणालाच सापडला नाही. सिद्धार्थ तीनदा गेला. राठौडजी बायकोमुलांना घेऊन गेले आणि परत येऊन म्हणाले, "काका, ये डिब्बा है या अफवाह?" काका नुसते मिशीत हसायचे. पण दर रविवारी विचारायचे, कुणी गेलं होतं का? लपवणाऱ्याला आपला डबा सापडावा असंच वाटत असतं हो. अगदी मनापासून वाटत असतं.

आता कबुली.

गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, काकांच्या छातीत कळ आली. बुधवारी दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता. मला एकच सुचलं. काका आहेत तोवर त्यांना कळलं पाहिजे की त्यांचा डबा सापडला. रविवारी सकाळी मी चौमूंला गेले. तीन तास शोधला. प्रत्येक खडकामागं हात घातला, खेजडीची मुळं चाचपली, गुडघे फोडून घेतले. नाही सापडला. खाली रस्त्यावर आले, एका टपरीवर बसून पाणी प्यायले, आणि फोनवर लिहिलं, 'सापडला! काका, काय जागा निवडलीत!'

खोटं लिहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मनात हिशेब काय, तर काका बरे होऊन टेकडी चढेपर्यंत मी पुन्हा जाईन, डबा शोधीन आणि वहीत सही करून ठेवीन. हा असला मूर्खपणा आमच्यातलं माणूसच करू शकतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. काकू खुर्चीवर बसून मोसंबी सोलत होत्या. मी काकांना सांगितलं, "काका, विश्वाचा शेवट सापडला." त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "कुठं होता गं?" मी म्हटलं, "आता ते सगळ्यांसमोर कसं सांगू? जागा फोडायची नसते ना!" मला माझंच कौतुक वाटलं, काय उत्तर दिलं म्हणून. त्यांनी विचारलं, "झाकण घट्ट लावलंस ना? पाणी शिरतं." मी म्हटलं, "अगदी घट्ट लावलं, काका." काकूंना एकदम खोकला आला. त्या उठून बाहेर गेल्या. काकांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "शाब्बास."

काका बरे होऊन घरी आले, पण चढणं-बिढणं कायमचं बंद झालं. इकडे माझी नोंद वाचून सगळ्यांना हुरूप आला. लोक चौमूंला जाऊ लागले. सापडला नाही. सापडला नाही. सापडला नाही. मीसुद्धा गुपचूप दोनदा जाऊन आले. मग लोक म्हणू लागले, डबा चोरीला गेलाय आणि काका बघत नाहीत. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. डबाच गेला, वहीच गेली, आता कोण सही मागणार?

मग वेबसाइटवर डब्यांची देखरेख करणाऱ्यांचं काकांना पत्र आलं, डबा जागेवर आहे का ते पाहा, नाहीतर यादीतून काढू. काकांनी उत्तर दिलं, 'माझं दुर्लक्ष झालं. वयामुळे जमत नाही.' डबा यादीतून निघाला. कारण लिहिलं होतं, देखभाल नाही. खोचरेकाकांच्या डब्याला, देखभाल नाही! त्या रविवारी काका आले नव्हते. कुणीतरी म्हणालं, काका आता पूर्वीचे राहिले नाहीत, उगाच जबाबदारी धरून बसलेत. आणि मी, मी मीनल, कचोरी खात म्हणाले, "हो ना, थकलेत. जाऊ दे." इथं बसलेल्यांपैकी चौघांनी ते ऐकलंय. पुढं वर्षभर आपण सगळे तसंच समजत राहिलो. मघाशी एका वक्त्यानंही म्हटलं, शेवटी शेवटी त्यांच्या हातून थोडं सुटत गेलं. त्यांची चूक नाही. आपल्याला तेवढंच माहीत होतं.

परवा मी काकूंना भेटायला गेले. काकूंनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचा पापडाचा डबा बाजूला केला आणि मागून हिरवा टिफिन काढून माझ्यापुढं ठेवला.

काकू म्हणाल्या, "अगं, तू झाकण घट्ट लावलं म्हणालीस ना, तेव्हा ते झाकण माझ्या ओट्यावर वाळत होतं."

झालं होतं असं. मी टेकडीवर गेले त्याच्या आधीच्या मंगळवारी काका डबा तपासायला गेले होते. झाकणाचं रबर गेलं होतं, आत पाणी शिरलं होतं, म्हणून दुरुस्तीला घरी आणला. वेबसाइटवर तसं लिहायच्या आत, बुधवारी, छातीत कळ आली. मतलब, मी ज्या डब्यासाठी गुडघे फोडत होते तो तिलक नगरात होता. मी दवाखान्यात फुशारकी मारत होते तेव्हा काकांना माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं.

काकूंनी त्यांना घरी आल्यावर विचारलं होतं, "आता खोडणार का पोरीची नोंद?" काका म्हणाले, "माझ्यासाठी थाप मारली तिनं. ती थाप मी खोडू?" डबा घरी आहे म्हणून सांगितलं असतं, तर कधी आणला हे सांगावं लागलं असतं, आणि मी उघडी पडले असते. दुसऱ्या कुणाच्या हाती परत ठेवायला दिला असता, तरी तेच. वहीत माझी सही कुणाकडून करवून घेणं, हे तर त्यांच्या बापजन्मात जमलं नसतं. मग त्यांच्या हातात एकच राहिलं. स्वतःवर घेणं. पत्र आलं तेव्हा काकू चिडल्या होत्या. म्हणाल्या, लोक तुम्हाला बेपर्वा म्हणतायत, निदान घरच्या लोकांना तरी सांगा. तर म्हणाले, "म्हणू देत. विश्व संपेपर्यंत कोण लक्षात ठेवतंय?"

मी काकूंच्या ओट्याला टेकून रडले. खूप रडले. मी समजत होते, मी आजारी माणसाला आनंद देतेय. आणि तो माणूस वर्षभर माझी अब्रू सांभाळत होता. दर रविवारी समोर बसून. एका शब्दानं, एका नजरेनं मला कधी कळू दिलं नाही. उलट विचारायचे, "मीनल, आज गप्प का?" सांगा, काय म्हणायचं या माणसाला?

काकू म्हणाल्या, "त्यांनी मला बोलू नको म्हणून बजावलं होतं. तुला कुणी बजावलेलं नाही."

म्हणून आज बोलले. माझ्यासाठी नाही. कुणी मला माफ करावं म्हणूनही नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याची चुकीची नोंद राहू दिली नाही, त्याच्या नावावर माझ्यामुळं एक चुकीची नोंद राहिलीय. ती मला आज, त्यांच्या सगळ्या माणसांसमोर, दुरुस्त करायची आहे.

आज सकाळी मी माझी जुनी नोंद खोडली. त्या जागी जे लिहिलंय ते वाचून दाखवते. 'सापडला नाही. तीन तास शोधला. मी आधी सापडला असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्या दिवशी डबा दुरुस्तीसाठी मालकाच्या घरी होता. मालकाचं दुर्लक्ष झालेलं नाही. ते एका दिवसासाठीही झालं नव्हतं. मीनल.'

एवढंच मला सांगायचं होतं.

आता सगळे दोन मिनिटं उभे राहू या. काकू, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसा. बाकीच्यांना एक विनंती आहे. या दोन मिनिटांत, काका थकलेत, काकांना जमत नाही, असं ज्यानं ज्यानं कधी म्हटलं असेल, त्यानं मनातल्या मनात ते मागं घ्यावं. सगळ्यांत आधी मी घेते.

खोचरेकाका, तुम्हाला नमस्कार.