पार्स्ली मागायची नसते

शनिवार, ११ मे

फेब्रुवारीपासून इथे एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागते. निमित्तं होती, पण तपासून पाहिली तर एकही खरं नव्हतं. आज गावच्या हॉलमध्ये आमचे खाटीक सिरिल कॉकवेल यांच्या निरोपाला जे बोलले, ते आठवतं तसं उतरवते.

"आदरणीय अध्यक्षा मिसेस डॉबर, व्यासपीठावरचे पाद्री एल्विज, सत्कारमूर्ती सिरिल, त्यांच्या पत्नी आयडाबाई, आणि भाषण संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही असं बजावलेले स्कार्नबीचे सज्जनहो,

लिंकनशरमध्ये खाटीक पुष्कळ आहेत. पण मे महिन्यात भरलेला चाइन हवा असला, की माणसं आपापल्या गावचं दुकान ओलांडून कुणाच्या दारात उभी राहतात? डुकराच्या मानेचं खारवलेलं मांस, त्यात खोल चिरा, चिरांत ठासलेली पार्स्ली. फडक्यात बांधून मंद आचेवर उकडायचं. कापलं की गुलाबी आणि हिरवे पट्टे. सिरिलनंतर हा पदार्थ गावात राहावा म्हणून मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी मिठाचा अंदाज दिला, सुरी दिली, फडकंसुद्धा दिलं. आयडाबाईंच्या परसातली पार्स्ली मात्र दिली नाही.

दुकानातली भरून पाहिली. पाद्रीबाबांनी एक घास घेतला आणि अतिशय सभ्यपणे तोंडी लावायला मोहरीची चटणी मागितली. मग मी सिरिलकडे पुन्हा विषय काढला. ते छताकडे बघत म्हणाले, 'पार्स्ली आम्ही देत नाही.' माझं काय चुकलं असेल? मी बाहेरची म्हणून? मंगळवारी ही दोघं लेकीकडे राहायला जाणार आणि घराचे नवे मालक परसात गाड्यांसाठी फरशी घालणार.

असो. सत्काराला रडगाणं शोभत नाही. त्यापेक्षा सिरिलच्या विसरभोळेपणाची गंमत सांगते. परवा त्यांच्या परसाचं फाटक सताड उघडं होतं. मी कोंबड्यांच्या काळजीने लावून घेतलं. काल पार्स्लीच्या वाफ्यातच फावडं रोवलेलं, शेजारी रिकामं पोतं. मी फावडं पुसलं, पोत्याची घडी घातली आणि दार वाजवून दोन्ही परत केलं. सिरिलनी कपाळावर हात मारून घेतला. आज सकाळी कुंपणापलीकडून, माझ्याकडे न बघता, ओरडले, 'रविवारी दहाला आम्ही दोघंही चर्चमध्ये असतो! कुत्र्यालाही नेतो!' मी म्हटलं, 'निश्चिंत जा, घरावर माझं लक्ष आहे.'"

इथे हॉल असा हसला की मी कागदात काय चुकीचं लिहिलंय ते शोधू लागले.

"अगं फिलिपा," मिसेस डॉबर डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं राहिलीस गावात आणि हे माहीत नाही? पार्स्ली दिली तर देणाऱ्याच्या घरात मरण येतं! ती मागायची नसते, चोरायची असते!"

"या वयात स्टुलावर चढून बिजागरीला तेल घातलं गं मी," आयडाबाई मागून ओरडल्या, "तुझ्या चोरीचा आवाज होऊ नये म्हणून! आणि तू फाटक लावून घेतेस!"

"मी काही बोललेलो नाही," सिरिल घाईघाईने उभे राहिले. "सगळे साक्षीला आहात. मी काही दिलेलं नाही."

पाद्रीबाबांनी घसा खाकरला. "उद्याचं प्रवचन चोरीच्या पापावर होतं. विषय बदलतो. आणि जरा लांबवतोही."

कागदावरचं पुढचं काही वाचता येईना. अक्षरं हलत होती. मी एवढंच म्हणाले:

"सिरिल, आयडाबाई, दिलेल्या सगळ्याबद्दल आभारी आहे, न दिलेल्याबद्दल त्याहून जास्त. कमी-जास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. कुठे गरजेपेक्षा जास्त प्रामाणिक वागले असेन, तर तेही."

उद्या, दहा वाजता: कॉकवेलांच्या परसात चोरी.