चढावर दम सोडणारी गाडी

— नाई मेली? चढावरबी नाई मेली? आन परत येतानी? तवाबी नाई? मंग तोंड असं काहून केलं बाप्पा, जसं कोनाची वाईट खबर आनली! सहा महिने झाले, गाडी काहून मरते, गाडी काहून मरते — आन आज नाई मेली त तुलेच बरं वाटून नाई राह्यलं. उतर खाली. ती कॅन सांभाळ, सीटवर डिझेल सांडलं त रुपाली तुले घरात घेनार नाई. बस त्या टायरवर. खुर्ची नाई भेटत. खुर्चीवर मी बसते. गॅरेज आता मायं हाये, बोर्डावर नाव मिस्त्रीचं हाये एवढंच. ते नाव मी घेत नाई, तुले वाचता येते.

आता आयक, धर्मपाल. आज आपन तुया गाडीच्या टाकीले सुट्टी देल्ली. डिझेल कॅनमधून सरळ पंपाले सोडलं. दहा किलोमीटर गेली, चढ चढली, वापस आली, एकदा खोकलली नाई. म्हनजे काय झालं? इंजिन चांगलं. पंप चांगला. नोझल चांगले. यवतमाळच्या त्या मोठ्या गॅरेजवाल्यानं तुया चांगला पंप काढला आन त्या जागी दुसरा चांगला पंप बसवला — आन तू त्याले हात जोडून आला! नाई नाई, रागावू नको, मी हसून नाई राह्यली. बरं, हसून राह्यली. चार महिने हसली नाई, आता थोडं हसू दे.

पडद्याकडं कायले पाह्यतं? आतून कोनी मिस्त्री निघंन म्हनून? कोनी नाई निघत. मीच हाये. बाईले काय समजते, असंच ना? अरे, बावीस वर्षं त्या पडद्यामागं पोळ्या लाटल्या मी. टिनाच्या भिंतीतून काय आयकू येत नाई? कोनती गाडी कायनं आजारी हाये ते गाडी रोडावरून उतरायच्या आंधी मले समजे. मिस्त्री आत पानी प्यायले येत, मी हळूच म्हनायची, वॉल्व्ह पाहा बरं — त डोळे मोठे करत आन म्हनत, तू पोळी पाह्य, करपून राह्यली. आन बाहेर जाऊन वॉल्व्हच पाह्यत. आन आत्ता मिस्त्री गेल्यावर इद्दतीत बसली, चार महिने दहा दिवस, उंबऱ्याच्या बाहेर पाय नाई टाकला, परक्या मानसाचं तोंड नाई पाह्यलं — कानाले कोन बंद करते? तू रोडानं जायचा, मी आतून म्हनायची, आता ही शाळेपाशी मरंन. मरे. मंग पंधरा मिनटं तुया शिव्या. मंग चालू. इद्दत संपून आठच दिवस झाले आन पह्यला निरोप तुले धाडला, काहून धाडला? तुयासाठी नाई धाडला. एवढा खूश नको होऊ.

हरिसिंगच्या टपरीवर तू काय बोलला तेबी मले आयकू आलं. हो. टपरी कुठं हाये, ही इथं, रोडाच्या पलीकडं, आन तुया आवाज — तुया आवाजाले कधी भोंगा लागला काय? ‘मिस्त्रीचा हात गेलता शेवटी.’ म्हनला का नाई? म्हनला. मान खाली घालू नको, टायर फाटलेला हाये, मले माहीत हाये. तू वाईट मनानं नाई म्हनला. जनाज्याले खांदा देनाऱ्यात तू होता, चपला न घालता गेलता कब्रस्तानापर्यंत, तेबी मले समजलं. पन बोलला ते बोलला. तवापासून जो येते तो कुलूप पाह्यते, मान हालवते, म्हनते हो, शेवटी शेवटी हात गेलता. बावीस वर्षं या बोरी गावच्या गाड्या त्या हातानं चालल्या, आन मागं काय राह्यलं? हे राह्यलं. म्हनून सौदा सांगते, नीट आयक. आज दोष मी काढते. आन तो मिस्त्रीचा नाई निघाला, त तू त्याच टपरीवर, त्याच बाकड्यावर बसून, तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं. हळू नाई. भोंग्यानं. कबूल? मुंडी नको हालवू, तोंडानं बोल. — हां.

हात नव्हता गेला त्यायचा. डोळे जरा — साखरेची बिमारी होती ना, त डोळ्यानं थोडं अंधुक. आन बोटाले मुंग्या. पाना हातातून घसरे कधी कधी. कधी कधी, रोज नाई. म्हनून ते जेवाले बसले का मी बुरखा घालून हळूच बाहेर येऊन नट हात लावून पाह्यची. एखादा ढिला असे. एखादाच. आवळून टाकायची, आत जाऊन पानी वाढायची, त्यायले काय समजे? काही समजत नसे. — तुया ब्रेकचा? नाई रे! घाबरू नको. तुया ब्रेकचा एकबी... दोन होते. दोनच. आवळले ना मी! जित्ता हाये ना तू? मंग! — आन हे टपरीवर नाई सांगायचं. हे सौद्यात नाई.

उठ. टाकीचं झाकन कुठं हाये? झाकन रे, झाकन, डिझेल टाकतो ना आपन त्या तोंडाचं. हे काय हाये? हे काय कोंबलं तू — कापूस? माय वं! अरे, घरात दोन सालचा कापूस पडून हाये, भाव नाई, खरेदीच्या रांगेत गाडी उभी केली त तीन दिवस चाक हालत नाई, हे सगळं मले माहीत हाये, सगळं गाव त्यातच हाये — पन म्हनून कापूस गाडीले चारायचा? तिलेबी नाई पाह्यजे तो! पाह्य, हा बोळा हातातच सुटून राह्यला. असे किती गेले आत? दर आठवड्याले नवा लावतं, आन जुना कुठं जाते, कधी इचार केला? तुले वाटलं उडून गेला. उडून नाई गेला, आत गेला. भिजला. पाइपाच्या तोंडापाशी फिरते. गाडी चढावर जोर करते, डिझेल ओढते, त्यासंगं तोबी ओढला जाते, तोंडाले बसते घट्ट — गाडी उपाशी. मेली. तू गाडी बंद करतं, शिव्या देतं, तिकडं ओढ बंद झाली का बोळा सुटते, खाली जाऊन बसते. मंग चालू होते. तुया शिव्यानं नाई होत चालू. एवढे दिवस तुले वाटत असंन शिव्यानं होते.

झाकन कधीपासून नाई? पोळ्यापासून? म्हनजे इथून ब्रेक करून नेले तवापासून. कोनी चोरलं — खरेदीच्या रांगेत? पोळ्याले कुठं रे खरेदी चालू असते? तवा त बोंडं हिरवे असते. बरं, जाऊ दे, गेलं असंन कुठं. उमरखेडहून ही जुनी गाडी आनली तवाच अर्धी नव्हती, झाकनाचं काय घेऊन बसला.

चाल, घूस खाली. मी घुसू? या वयात? बिडी आंधी विझव, तिकडं टाक, नालीत. टाकीखाली मोठा नट हाये, सतरा नंबरचा पाना लावून खोल, बादली धर. सगळं नको काढू, अर्धं राहू दे. हां, येऊन राह्यलं. अंगावर घेतं काय! — मी इथून वरून पाह्यते. हा आरसा धरते उन्हात, कवडसा आत पडते बरोबर, बॅटरीपेक्षा चांगला. मिस्त्रीची रीत हाये ही. पन तुया गाडीले त्यायनं आरसा नाई लावला, फिल्टर बदलत राह्यले, एकदा, दोनदा, तिसऱ्या खेपेले म्हने हवा धरते असंन. मी आतून म्हटलं होतं, टाकी पाहा. म्हटलं होतं मी. त्या दिवशी रागावले माह्यावर. कधी रागावत नसत. — दिसून राह्यलं काहीतरी. हाये! हाये, धर्मपाल, तुया कापूस! मोठा हाये चांगला, सशाएवढा. तारेचा आकडा करून घालते. हालवू नको गाडी. आला... सुटला. थांब. आता आला. टपरीवर पह्यले चहा सांगजो मग बोलजो, लोक चहा घेतानी चांगलं आयकतात — आला, आला, निंघाला बाहेर —

...

काय? हो, निंघाला.

कापूस. कापूसच. काय असंन दुसरं.

तू नट लाव. लाव, मले काही नाई झालं, डिझेलची वाफ नाकात गेली. कायले हासतं खाली? ‘मायीच चूक, चाची, आत्ताच जाऊन सांगतो’ — एवढ्या लवकर मानतं तू? भांडायचं तरी थोडं. दुसरा कोनी असता त म्हनला असता दाखवा आंधी. तू दाखवा नाई म्हनत. तू... नको. आत्ता नको जाऊ टपरीवर. नको म्हनते ना. ये बाहेर. ये आंधी. पाह्य हे. कापूस नाई. फडकं हाये. पिळल्यावरबी चौकट दिसते, पाह्य, निळी चौकट. आन ही कड, लाल धाग्याची — ही कोनाची शिलाई हाये मले नको इचारू. आन या गाठी. दोन गाठी. सकाळी हातात देतानी मी मारून द्यायची. एक दुपारच्या गोळीची, विसरत ना ते. दुसरी... दुसरी कायची होती? काहीतरी आनायचं होतं. काय आनायचं होतं, मलेच आठोत नाई.

ब्रेक झाल्यावर चक्कर मारायले त्यायनं दोन लिटर टाकले असंन. झाकन कुठं ठेवलं आठोलं नसंन. हे कोंबलं. आन हे कोंबलं तेबी... मंग सहा महिने — नाई, सहा नाई, ते त दीडच महिना जित्ते होते मंग — दीड महिना फिल्टर बदलत राह्यले.

जा. सौदा सौदा हाये. दोष मी काढला. ज्याचा निंघाला त्याचा निंघाला. जाऊन सांग जसं हाये तसं, मी नाई अडवत.

काय?

तुयं? तुयं फडकं? धर्मपाल, खोटं बोलायची बी अक्कल लागते. तुया घरी असं फडकं कधी होतं? रुपालीनं शिवलं? रुपाली बटन लावायले शेजारीन बोलावते, सगळ्या बोरीले माहीत हाये. गाठी कायच्या हायेत मंग, सांग? चाब्या बांधल्या होत्या? दोन चाब्या? एकच त चाबी हाये तुया गाडीले! — आन तोंडाकडं पाहून बोलून राह्यला वरून. पापनी नाई हालत. ‘मायं हाये, चाची, मीच कोंबलं, टपरीवर मीच सांगनार.’ कोनी शिकवलं रे तुले असं.

बरं. तुयं त तुयं. मी कोन नाई म्हननारी. नवं झाकन घे यवतमाळातून, कापूस घातला त बाहेरूनच वापस धाडीन. तुयं फडकं हाये त तूच घेऊन जा, मायं काय काम त्यासंगं. घे. गाडीत टाक, काच पुसायले होईन —

नाई. ठेव. ठेव ते इथं. इथं टायरवर ठेव आन जा. पिळू नको, ठेव म्हनते ना.

जा आता.