रांगेतला अर्ज

(मालवण किनाऱ्यावरचा एक कोळंबीचा कारखाना, १९८८. ऑफिसात कॉम्प्युटरचे तीन पडदे, पण तिन्हींना मिळून प्रिंटर एकच, आणि तो साहेबांच्या खोलीत. खोलीचं दार बंद. बाहेर अर्धा दिवस कोळंबी सोलणारी आणि अर्धा दिवस ऑफिसात शिकणारी विमला, आणि तिला काम शिकवणारा गुरुदास.)

विमला: ...तीनदा दाबलंय, गुरुदादा.

गुरुदास: तीनदा? कित्याक?

विमला: प्रिंटरचो आवाजच येय नाय. वाटला, कौल लागूक नाय, परत लावया.

गुरुदास: अगो, मशीन म्हणजे काय देव? थंयले कागद संपलेत. छापलंस काय?

विमला: अर्ज. हळू बोला. रत्नागिरीचे तपासणीस आत बसलेत ना, तेंका दिवचो होतो. एस्टी स्टँडार गाठून, गुपचूप. ग्यास सुटलो आणि नर्मदामावशी पडली, तां सगळा लिवलंय.

गुरुदास: आणि धाडलंस तो सायबाच्या खोलयेत.

विमला: प्रिंटर थंयच आसा, मी काय करू? साहेब जेवणाक गेल्ले. म्हटला, दोन मिनटांत छापून घेवन भायर येयन. तितक्यात ते तपासणिसांका घेवन परत इले. पण मी अर्ज पुसून टाकलंय हां. आता येवचो नाय ना?

गुरुदास: येतलो.

विमला: पुसलंय म्हणतंय ना.

गुरुदास: तू मूळ पुसलंस. छापूक सांगल्याबरोबर मशीन एक नक्कल काढून आपल्या पोटात ठेवता, तिका नंबर देता आणि रांगेत उभी करता. प्रिंटर एका वेळेक एकच काम घेता. बाकीची आपली पाळी येयसर थांबतत.

विमला: प्रिंटर बंद पाडलो तर?

गुरुदास: चालू केल्यार रांग थंयच. थांब, बगूया. ही बग, पयली कामगारांची यादी, तपासणिसांनी मागलेली, बारा पानां. तेच्या मागे एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. तिनय तुझी. आणि हंय माझा नाव कित्याक?

विमला: तुमच्या जाग्यार बसलेलंय. माझ्या पडद्यार पत्र लिवूक येणा नाय.

गुरुदास: अगो बाय माझे. प्रत्येक कामाच्या आदी एक सुटा पान येता. तेच्यार धाडणाऱ्याचा नाव, बोटाएवढ्या अक्षरांत.

विमला: मी आत जावन सांगतंय, माझो अर्ज म्हणान.

गुरुदास: बस थंयच. माझ्या नावावर आसत, म्हणजे माका काढूक येतली. त्रेचाळीस... गेली.

विमला: शिपाईण यशोदा कागदांचो खोको घेवन आत गेली, दादा.

गुरुदास: बगतंय. बेचाळीस... ती पण गेली.

विमला: सुरू झालो. आवाज ऐकलात?

गुरुदास: यादी छापता ती. बारा पानां आसत, वेळ आसा. खालती नावां कोणाची घातलंस?

विमला: कोणाचीच नाय. ‘कोळंबी सोलणाऱ्या बायका’ इतक्याच. एक्केचाळीस काढा ना.

गुरुदास: लिवलंस काय तां सांग आदी.

विमला: आता? सोमवारी कोळंबी गोठवच्या नळातसून ग्यास सुटलो, दार भायरसून लावलेला, आमी आतून ठोकत रवलो. मावशी दाराकडेच पडली. उजव्या डोळ्यान तिका आजून दिसणा नाय.

गुरुदास: आणि दुसऱ्या दिवशी मी काय टाईप केलंय, म्हायत आसा?

विमला: म्हायत आसा.

गुरुदास: ‘सदर महिलेचा डोळा पूर्वीपासून अधू होता.’ सायबान सांगल्यान, मी लिवलंय. एक अक्षर चुकूक नाय.

विमला: मावशीक कळला तां. पण तुमची पोरां ल्हान, म्हणान तुमका कोण काय बोलाक नाय.

गुरुदास: ती काय म्हणाली?

विमला: तुमच्या बायलेक पोरांसाठी सुकी कोळंबी धाडल्यान, नेहमीसारखी.

गुरुदास: ...किती पानां झाली?

विमला: आवाजावरसून मोजतंय, नववा चालू आसा. दादा, काढा. माका खूप भिती वाटता.

गुरुदास: माका काय कमी वाटता? ह्या वयात माका दुसरी नोकरी कोण देतलो? तपासणीस खंय बसलेत?

विमला: यशोदा आताच भायर इली. म्हणता, प्रिंटरच्या बाजूकच. एकेक पान आपणच फाडून घेतत.

गुरुदास: साहेब?

विमला: टेबलाच्या पलीकडे, फोनार. दादा, अकरावा.

गुरुदास: हां.

विमला: बारावा झाला. नुसतो नंबर घालूचो ना? सांगा माका, मी घालतंय.

गुरुदास: हात काढ. आता मोठी अक्षरां छापूक लागली, आवाज जड येता बग. कागदार उतारला तां परत येणा नाय.

विमला: तुमका काढूक येत होता.

गुरुदास: कोणी इचारल्यान तर तू ह्या खुर्चेर बसूकच नाय. कळला? आणि डोळे पूस, आपल्या जाग्यार जा.

विमला: वहिनीक काय सांगशात?

गुरुदास: म्हायत नाय. तां आजून सुचाक नाय.

साहेब (आतून): गुरुदास! आत या जरा. हे काय आलंय तुमच्या नावाने? अहो, तुम्ही नका वाचू ते, द्या इकडे. गुरुदास!

गुरुदास: आलो साहेब. वाचू द्या त्यांना. माझंच आहे ते.