दाराला तूर, अंड्याला आय

...आन अंड्याला काय म्हणतेत, म्हाईत हाय का तुम्हाला? आय! हाव, आय! जर्मन भाषेत अंड्याला आय म्हणतेत. दाराला म्हणतेत तूर, जरा ओठांचा चंबू करून. आन आपल्या आयला काय म्हणतेत? मुटर! दाराला तूर, अंड्याला आय, आन आयला मुटर... आता सांगा, माणसानं करावं काय? तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीतल्या साहेबरावांवर ही जी बला आली ना, ती वैऱ्यावर येऊ नये!

साहेबराव म्हंजे साधा माणूस न्हाई बरं का. नांदेडच्या रेल्वे ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, भल्याभल्या साहेबांचं इंग्रजी दुरुस्त केलेले! पोरगा अश्वजित जर्मनीत इंजिनिअर, सून तिकडचीच, आन नात उर्वी, एवढीशी पोर, टपोऱ्या डोळ्यांची, पण बोलती निस्ती जर्मन! रोज फोन. रोज उर्वी चिवचिव चिवचिव करणार, आन रोज साहेबराव मान डोलवून म्हणणार, "या, या!" तिकडं 'हो'ला 'या' म्हणतेत, तेवढं एक साहेबरावांना येत होतं. पोरगी बी खुश होऊन म्हणायची, "या, या!" की बाजूला बसलेल्या सरजाबाई, म्हंजे साहेबरावांच्या मंडळी, पदर डोळ्याला लावायच्या. "बघा की हो, लेकरू रोज या, या म्हणून बोलावून राहिलंय, आन तुमी हितंच बसून!"

बरं, चाललं होतं तसं चालू द्यावं की न्हाई देवानं? न्हाई! एक दिवस अश्वजितचा फोन. "बाबा, तुमी उर्वीला कबूल काहून केलं?"

"काय कबूल केलं?"

"तिच्या बालवाडीत आजी-आजोबांचा दिवस हाय. फोनवरून गोष्ट सांगणार का, म्हणून इचारलं तिनं. तुमी म्हणालात, या, या!"

साहेबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "अरे, मंग सांग तिला, आजोबाला सर्दी झाली."

"अजून दोन महिने हायेत बाबा. एवढे दिवस सर्दी टिकते का?" मंग पोरगा म्हणाला, "बाकीच्या लेकरांचे आजोबा त्यांना सोडायला येतेत हो. हिला पोरं म्हणतेत, तुला आजोबाच न्हाई. हिनं ठणकावून सांगितलंय, हाय! दाखवते तुम्हाला!"

आता झालं का? आता कुठं पळावं? सर्दी बी गेली आन पळायची वाट बी गेली!

आधी मोबाईलमधी जर्मन शिकायचं एक ॲप टाकलं. ते कुठं बोंबलावं? शोकसभेत! दोन मिनिटं स्तब्ध उभे सगळे, टाचणी पडली तर ऐकू यावं, आन साहेबरावांच्या खिशातून बाई हसत हसत वरडली, "गूटन टाग!" म्हंजे तिकडचा नमस्कार! मयताचा भाऊ जो वळून बघाया लागला... ते ॲप तिथंच काढून टाकलं.

मंग शेजारची दिपाली आली, कॉलेजात शिकवती ती. म्हणाली, "काका, उगं ताण घेऊ नका. रोजच्या कामाला एकेक शब्द बांधायचा. दाढी करताना एक, चहा पिताना एक. वस्तूवर चिठ्ठी लावायची, जाता-येता वाचायची. सवय लागली की आपोआप जमतंय." लागली की हो सवय! दारावर चिठ्ठी, आरशावर चिठ्ठी, खुर्चीवर चिठ्ठी... सरजाबाई दारासमोर उभ्या ऱ्हाऊन म्हणाल्या, "दाराला तूर? मंग तुरीला काय, खिडकी म्हणतेत?"

"शिकण्यात तूर अजून आली न्हाई आमची."

"तूरच न्हाई आली? मंग खातेत काय तिकडची माणसं?"

आन सवय लागली म्हंजे अशी लागली, की सुटंना! एक दिवस अंड्याच्या दुकानात गेले. आपल्याच तंद्रीत म्हणाले, "डझनभर आय द्या." दुकानदार ट्रे खाली ठेवून बाहेर आला. "साहेब, वयानं मोठे हाव म्हणून ऐकून घेतलो. आयवर जायाचं काम न्हाई!" आता त्या भल्या माणसाला कसं सांगावं? दाराला तूर, अंड्याला आय, आन आयला मुटर! सांगून बघा एखाद्या दुकानदाराला!

आला तो दिवस. हितं भर दुपार, तिकडं सकाळ. साहेबरावांनी कोट घातला, मोबाईल टेबलावर तांब्याला टेकवला. पडद्यावर गोरी गोरी लेकरं मांडी घालून बसलेली, आन मधोमध आपली उर्वी, मान अशी ताठ! बाई काहीतरी बोलल्या. सगळं चिडीचूप. साहेबरावांनी घसा खाकरला आन म्हणाले, "कू." कू म्हंजे गाय. लेकरं पुढं सरकली. पुढं? पुढं काय? गाय येती, गाय जाती, गाय खाती... आन तवा, तुम्हाला सांगतो, साहेबरावांच्या पायाखालची फरशी सरकली. येणं, जाणं, खाणं, यातलं एकबी शिकलेच न्हाईत की! चिठ्ठी वस्तूला लागती हो. येण्या-जाण्याला कुठं डिंक लावावा माणसानं?

"कू," ते परत म्हणाले. एक पोरगं शेजारच्याच्या कानात कुजबुजलं. उर्वीची मान खाली जायला लागली. थोडी... अजून थोडी...

ते बघवलं न्हाई त्यांना. हेडक्लार्क साहेबराव कोटासकट फरशीवर रांगायला लागले! "कूऽऽ!" म्हणून हंबरले. डोक्यानं धाडकन पाठीमागचं सैपाकघराचं दार ढकललं, "तूर!" आत सरजाबाई अंडी सोलत बसलेल्या, त्या किंचाळल्या, "अगं माय गं! ह्यांना काय झालं?" साहेबराव त्यांच्याकडं बोट करून वरडले, "मुटर!" आन पातेल्यातलं अंडं उचललं, कोटाच्या मागून हळूच खाली ठेवलं, आन म्हणाले, "आय!"

गाईनं अंडं दिलं! तिकडं लेकरं हसून हसून गडाबडा लोळली, बाई डोळे पुसाया लागल्या, आन उर्वी उभी ऱ्हाऊन टाळ्या वाजवत, छातीवर हात मारून सगळ्यांना सांगत होती, "माईन ओपा! माईन ओपा!" माझा आजोबा!

दुसऱ्या दिवशी अश्वजितचा फोन. "बाबा, लई गाजली गोष्ट. अख्खी बालवाडी तुम्हाला 'कू-ओपा' म्हणून राहिली. गाय-आजोबा! आता तेच नाव पडलं."

सरजाबाईंनी साहेबरावांच्या रांगून सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळता चोळता हात थांबवला. सारी नोकरी साहेबांनी अदबीनं हाक मारलेला माणूस! आता तोडतो फोन, का झापतो पोराला?

साहेबराव फोन तोंडाजवळ घेऊन हळूच म्हणाले, "जर्मनमधी गाय बाईमाणूस ना रे?"

"हाव बाबा, स्त्रीलिंगी. पण दोन शब्द जोडले की लिंग शेवटच्या शब्दाचं धरतेत. तुमच्यात ओपा शेवटी येतो."

साहेबरावांनी मोठा उसासा सोडला. "चला... पुल्लिंगी तरी ऱ्हायलो."