फाटक्या कानाचा कुत्रा आणि पडद्याआडचं गिऱ्हाईक

माझे नाव व राहता पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. तो कागद या जबाबाला टाचू नये अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. गल्लीत मला टाकेमावशी म्हणतात. वय बावन्न. धंदा कपडे दुरुस्तीचा, म्हणजे चेन बदलणे, पँट आखूड करणे, पोट सुटलेल्यांना शिवण सोडून देणे. दुकान बेकरीला लागून, मागे राहण्याची खोली. सोबत पती, निवृत्त, प्रकृती ठीक, स्वभाव बोलका.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, काल दुपारी मी मशीनवर असताना एक तपकिरी कुत्रा दुकानात आला, कात्रणांच्या ढिगावर गोल फिरला आणि झोपला. गळ्यात निळी दोरी होती, तिचे टोक तुटलेले. एका कानाला पेरभर चीर. मी कागदावर लिहून दाराच्या काचेला लावले : "तपकिरी कुत्रा सापडला आहे. डावा कान फाटका, गळ्यात निळी दोरी. मालकाने खुणा सांगून न्यावा." पती म्हणाले, "खुणा सगळ्या तूच सांगून टाकल्यास. आता मालकानं काय गाणं म्हणून न्यायचा?" मी लक्ष दिले नाही. लग्नापासून तशी सवय आहे.

येथे नमूद करते की फाटका कान उजवा आहे. माझे काम कपडा उलटा करून चालते, आणि उलट्या कपड्यात डावी बाही उजवीकडे येते. इतक्या वर्षांत माझे डावे-उजवे कायमचे फिरले आहे. गल्लीत हे सर्वांना ठाऊक आहे. मी कोणाला "डावीकडे वळा" म्हटले की तो मुकाट उजवीकडे वळतो आणि बरोबर पोचतो.

आज दुपारी एक मुलगी आली. मी मुलगी म्हणते, पण तिशीची असेल. काचेवरचा कागद तिने वाचलेला नव्हता, ती दुकानोदुकान विचारत आली होती. दारातूनच म्हणाली, "मावशी, तपकिरी कुत्रा पाहिलात का? उजवा कान..." पुढचे तिला बोलावे लागले नाही. कुत्रा उठून तिला बिलगला आणि दोघे फरशीवर बसले. रडण्याचा आवाज दोघांचाही होता. पिल्लू असताना फाटकात कान अडकला होता, असे तिने सांगितले.

मग तिची नजर कागदावर गेली. "हा कधीपासून लावलाय?" मी म्हटले, कालपासून. तिने तो असा ओढला की चारही कोपरे काचेवरच राहिले. "कोणी वाचला असेल, मावशी?" मी म्हटले, "अगं, लोकांनी वाचावा म्हणूनच लावला होता." ती हसली नाही.

तिने सांगितले ते थोडक्यात असे : लग्न झालेले आहे. नवऱ्याचे घर सोडले. त्यानंतर दोनदा जागा बदलली, दोन्ही वेळा त्याने शोधून काढली. कुत्रा घर सोडल्यावर घेतला, त्यामुळे नवऱ्याने तो कधी पाहिलेला नाही. पण ती तपकिरी कुत्रा घेऊन फिरते, हे त्याच्या कानावर गेले आहे. घर का सोडले, ते मी विचारले नाही. बोलताना तिची बाही वर सरकली. मी बाह्यांचेच काम करते, मला दिसले.

एवढ्यात तिने काचेतून रस्त्यापलीकडच्या एका माणसाकडे पाहिले आणि तिचा चेहरा पिळून टाकलेल्या कापडासारखा झाला. ती कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात गेली आणि पडदा ओढून घेतला. पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे. शिवताना कापड कमी पडले, नंतर लांब करू म्हटले, ते राहिले. जगाचे आखूड-लांब मी करून देते. तिच्या चपला खालून दिसत होत्या.

सदर गृहस्थ आत आले. चाळिशीचे, इस्त्रीचा कोट, बोलणे मऊ. "नमस्कार ताई. आमचा कुत्रा आपल्याकडे आहे असं कळलं." मी विचारले, तुमचा कशावरून? ते म्हणाले, "तपकिरी आहे. डावा कान फाटका, गळ्यात निळी दोरी." माझाच कागद त्यांनी मला म्हणून दाखवला, स्वल्पविरामासकट. "पिल्लू होता तेव्हापासून या हातानं भरवलंय मी त्याला."

त्यांनी चुचकारल्यावर कुत्रा गेला आणि तो हात त्याने चाटला. यावरून काही अर्थ काढू नये. मीटर बघायला आलेल्या माणसाचाही त्याने काल चाटला. त्यानंतर तो पडद्याजवळ जाऊन आडवा झाला, नाक पडद्याखाली घातले आणि शेपूट फरशीवर आपटू लागला. एरवी गोड वाटावा असा आवाज. मला तो हातोडीसारखा ऐकू येत होता.

"त्याला तिथे काय सापडलं?" त्यांनी विचारले.

"काल मांजर निजलं होतं तिथे."

"आत कोणी आहे?"

"गिऱ्हाईक आहे. पँट घालून बघतंय."

"बराच वेळ लागतोय."

"पोट मोठं, पँट जुनी. वेळ लागणारच."

ते हसले आणि स्टूल ओढून बसले. "मग मी थांबतो. मलाही घाई नाही. तोवर कोटाचं हे बटण तेवढं घट्ट करून द्या." कोट त्यांनी काढला नाही. मी त्यांच्या पुढ्यात वाकून, अंगावरच, बटण लावले. सुई ओवायला मला चष्मा लागत नाही. आज चष्मा लावूनही दोरा जाईना. ते वरून हळूच म्हणाले, "हात थरथरतोय, ताई. या वयात जपायला हवं." हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे, असे मी म्हटले. जबाब लिहिणाऱ्या पोलीस बाईंनी विचारले, यात धमकी कुठे आहे? मला बोट ठेवून दाखवता येत नाही.

त्याच वेळी पती मागून ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन आले. "अगं, ती मुलगी कुठे..."

मी म्हणाले, "आपली मुलगी ना? यायची आहे अजून कामावरून!"

आम्हाला मुलगी नाही. मूलच नाही. पतींनी माझ्याकडे पाहिले, त्या गृहस्थांकडे पाहिले, पडद्याखालच्या चपलांकडे पाहिले. मग म्हणाले, "हो, आज उशीर होणार म्हणाली होती," आणि तिसरा कप स्वतः प्यायले. संसारात न सांगता त्यांना समजलेली ही पहिली गोष्ट.

गृहस्थ उठायची चिन्हे दिसेनात. तेव्हा मी कुत्र्याची दोरी धरली आणि म्हणाले, "कुत्रा तुमचा नाही. माझा आहे."

"मग कागद का लावलात?"

"हरवला होता म्हणून."

"कागदावर 'सापडला' होतं."

मी आवाज चढवला. "भरदिवसा बाईमाणसाचा कुत्रा पळवता? चला ठाण्यात! चला!" बेकरीतली माणसे पिठाच्या हातांनी बाहेर आली. गृहस्थ सभ्य असल्याने त्यांना चार लोकांत सभ्यच राहावे लागले. ते माझ्याबरोबर निघाले. कुत्र्याला मी ओढत आणले. फरशीवर त्याच्या नखांचे ओरखडे आहेत. पडदा हलला नाही.

ठाण्यात साहेबांनी कुत्र्याला अंगणात मोकळे सोडून आम्हा दोघांना हाका मारायला सांगितल्या. कुत्रा पहाऱ्यावरच्या शिपायाकडे गेला, त्याच्या हातात बिस्कीट होते. मग साहेबांनी गृहस्थांना कुत्र्याकडे पाठ करून उभे केले आणि फाटका कान कोणता ते विचारले. त्यांनी डावा सांगितला. साहेबांनी खाली वाकून पाहिले. उजवा.

गृहस्थ डगमगले नाहीत. म्हणाले, "चुकलो. खरं सांगायचं तर कुत्रा माझ्या बायकोचा आहे, म्हणजे आमचाच की. तिलाच बोलवा ना. ती येऊन सांगेल. या ताईंना तिचा पत्ता नक्की ठाऊक असणार." साहेब म्हणाले, "हे ठीक आहे. बाईंना बोलवू, दोन मिनिटांत निकाल लागेल." साहेबांचे म्हणणे न्यायाचे होते. म्हणूनच मी घाईने म्हटले, आधी माझा जबाब लिहून घ्या.

यानंतर आमचे जबाब घ्यायचे ठरले. आधी माझा, मग गृहस्थांचा. तोवर त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचे आहे, जाता येणार नाही, असे साहेबांनी सांगितले. तेव्हापासून मी सविस्तर सांगत आहे.

जबाब सुरू झाल्यावर गृहस्थ एकदा दारातून डोकावून म्हणाले, "ताई, तुमचं ते गिऱ्हाईक एव्हाना बाहेर आलं असेल ना?" मग लिहिणाऱ्या बाईंना म्हणाले, "मी जरा दुकानापर्यंत जाऊन येऊ का? माझा रुमाल राहिलाय." बाईंनी त्यांना बसायला सांगितले. मी दार लावून घ्यायची विनंती केली. दाराला कडी नसल्याने खुर्ची लावली. मगच पडद्याचा मजकूर सांगितला, तोही हळू आवाजात.

या जबाबाची नक्कल त्यांना मिळते का, असे मी विचारले. मागितल्यास मिळते, पण त्यावर मोठ्या साहेबांची सही लागते आणि मोठे साहेब दोन दिवस नाहीत, असे कळले. सरकारी कामाला वेळ लागतो याबद्दल मी जन्मात पहिल्यांदा देवाचे आभार मानले. नक्कल वाचून ते माझ्या दुकानात येतील, हे मला कळते.

विचारल्यावरून सांगते की, त्या मुलीचा पत्ता मी सांगणार नाही. नाव नाही, काय काम करते तेही नाही. माहिती दडवल्यास माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे मला सांगण्यात आले. मला भीती वाटते, असे लिहावे, असे मी म्हटले. नक्की कशाची, असे बाईंनी विचारले. मी म्हटले, त्या बटणाची. ते मुळात सैल नव्हते.

येथपर्यंत लिहिणाऱ्या बाई "मावशी, आटपा, मुद्द्याचं बोला" असे म्हणत होत्या. बटणाचे ऐकल्यावर त्यांनी पेन थांबवले, दाराला लावलेल्या खुर्चीकडे पाहिले आणि विचारले, "पडद्याचा रंग कोणता?"

मी सांगितले, हिरवा.

"कसला हिरवा? नीट सांगा. कापड कसलं, कधी घेतलं, शिवायला कोणता दोरा वापरलात, सगळं येऊ दे."

त्यावरून सांगते की, पडदा गडद हिरवा, जाड सुती, एका हॉटेलच्या टेबलक्लॉथमधून उरलेला. कडेला दुहेरी टीप. खालची दुमड हाताने घातलेली. कड्या पितळी, त्यांतली एक गेली म्हणून तिथे सेफ्टीपिन. बाईंनी पिन कोणत्या बाजूला असे विचारले. मी डावीकडे म्हटले. त्यांनी स्वतः उजवीकडे लिहिले.

या वेळी मला पतींचा फोन आला. ते म्हणाले, "आपली मुलगी गेली. नीट गेली."

मी विचारले, कुठे?

ते म्हणाले, "विचारलं नाही. तूच म्हणतेस ना, माझ्या पोटात काही राहत नाही."

तरी आता तिचा पत्ता मला माहीत नाही, हे मी खरे सांगते. कुत्रा मालकिणीची खात्री होईपर्यंत माझ्या ताब्यात ठेवावा, असे साहेबांनी ठरवले आहे, ते मला मान्य आहे. त्याला तिच्याकडे पोचवणे माझ्याकडे लागले. कसे व केव्हा, ते लिहू नये. बाकावरच्या गृहस्थांना आत बोलवायला आता माझी हरकत नाही, फक्त त्याआधी मला मागच्या दाराने सोडावे आणि घरापर्यंत सोबत कोणीतरी द्यावे. बाईंनी स्वतः येते म्हणून सांगितले आहे.

वरील सर्व मला सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. जिथे जिथे माझे डावे-उजवे चुकले, तिथे कुत्र्याकडे बघून दुरुस्त केले आहे. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.