विहिरीत पाय बांधून बसलेला किशोर

दि. १४/११/२००६

मी फुरकान खान जहीर खान, वय ४७ वर्षे, धंदा मोटारपंप दुरुस्ती, रा. बाळापूर, जि. अकोला. पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून जबाब देतो की, आमच्या ओळखीचे शेतकरी चंद्रभानभाऊ यांचा मुलगा किशोर हा नौदलात नोकरीला असून सध्या सुट्टीवर आला आहे. त्याने विहिरीत जीव देण्याचा प्रयत्न केला, अशी खबर कोणीतरी स्टेशनला दिली. तशी नोंद झाली तर पुढच्या महिन्यातली त्याची नौदलातली निवड-चाचणी हुकेल, म्हणून मी न बोलावता आलो आहे.

काल दुपारी मी भाऊंच्या शेतात मोटार पाहायला गेलो. विहिरीच्या काठावर घडी केलेला शर्ट होता, बाजूला चपला. गेली काही वर्षे आमच्या भागात शेतकरी जीव देत आहेत, त्यामुळे असे दिसले की माणूस विचार करत बसत नाही. वाकून पाहिले तर किशोर पाण्याखाली, दोन्ही पाय दोरीने बांधलेले. मी ओरडलो आणि उडी मारली. उडी मारल्यावर मला आठवले की मला पोहता येत नाही.

पुढचे नीट सांगता येत नाही, कारण मी पाणी पिण्यात गुंतलो होतो. किशोरने पायाची दोरी सोडली, मला पायऱ्यांवर आणून पालथे घातले व पाठीत थापट्या मारल्या. मग म्हणाला, "चाचा, काहून उडी मारली? मी पाय बांधून पाण्यात राहाचा सराव करून राहिलो होतो."

मी दोन शिव्या दिल्या, त्या लिहू नयेत. कसला सराव, असे विचारल्यावर त्याने सांगितले, "नौदलाचे कमांडो असतात, मार्कोस. तिथं कोणाले धाडत नाही, आपणच नाव द्या लागते. जहाजावरचा इंजिनवाला असो का रेडिओवाला, कोणीबी. सुरुवातीच्या परीक्षेतच बहुतेक परत जातात. उरले त्यायले महिनोन्‌महिने शिकवतात. मंग बारक्या तुकड्या. एक सुरुंगाचा, एक रेडिओचा, एक मलमपट्टीचा. पण एक पडला तर दुसऱ्याले त्याचं काम आलंच पायजे. अन् साहेब असो का खलाशी, ओझं सारखंच."

मी म्हटले, "माह्या दुकानात तिघं जण हायेत. मी आजारी पडलो का शटर बंद. तुह्या साहेबाले पाठव एकडाव."

आम्ही हसत वर येत होतो तेवढ्यात माझी ओरड ऐकून चंद्रभानभाऊ अनवाणी धावत आले. काठावरचा शर्ट पाहिला आणि किशोरला हाका मारत पायऱ्यांकडे वळले. किशोर दिसल्यावर त्याच्या थोबाडीत मारली व त्यालाच पोटाशी धरले. कमांडोसाठी नाव दिल्याचे किशोरने घरी सांगितले नव्हते. एकुलता एक असल्याने भाऊ जाऊ देणार नाहीत, अशी त्याला भीती होती. माझ्या पोटात काही राहत नाही, मी तिथेच सांगून टाकले, काम जिवावरचे आहे हेही सांगितले.

भाऊंनी काठावरचा शर्ट उचलून झटकला व किशोरच्या अंगावर टाकला. मग म्हणाले, "तू मराले उतरला नव्हता ना? मंग जा बापा, जिथं जायचं तिथं जा."

किशोरबद्दल माझी काही तक्रार नाही. जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात "मी किशोरला विहिरीतून बाहेर काढले" असे लिहिले होते. ते खोडून "किशोरने मला बाहेर काढले" असे करवून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.